खोताच्या जिन्यावरचा अँटेना

"गुणवत्ता शून्य!" मी पडवीतून ओरडले.

"आणि ताकद?" कौलांवरून आमच्या ह्यांनी विचारलं.

"ताकद साठ!"

"मग येतंय, येतंय. जरा फिरवतो."

सिग्नलची ताकद साठ आणि गुणवत्ता शून्य. असं वर्णन आमच्या काजरवाटेतल्या बऱ्याच पुढाऱ्यांना लागू पडलं असतं, पण टीव्हीने ते स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं मी प्रथमच पाहत होते. हे तिसऱ्या घराचं छप्पर. आधीच्या दोन छपरांवरची मिळून अकरा कौलं ह्यांच्या पायाखाली गेली होती आणि ज्यांची गेली ती माणसं आता खाली उभी राहून मोठ्या आपुलकीने बाराव्याची वाट पाहत होती.

आमचे हे म्हणजे दिगंबर. आयुष्यभर विजेच्या तारा ओढल्या, लोकांचे रेडिओ उघडले आणि उघडलेल्यांपैकी निम्मे परत बंदही केले. निवृत्तीनंतर हाताला काम नव्हतं. तेवढ्यात टीव्ही केंद्राकडून नारोबुवांना पत्र आलं आणि गावाची कौलं संकटात सापडली.

पत्रात लिहिलं होतं, गेल्या वर्षी शहरात तुमच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग झालं, ते येत्या गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला केंद्राच्या स्थानिक डिजिटल वाहिनीवर दाखवू. एकदाच. ही वाहिनी घराघरांवरच्या डिशच्या छत्र्यांना ठाऊक नव्हती. तिला जुन्यासारखा काड्यांचा अँटेना लागायचा आणि शिवाय सिग्नल उलगडणारा एक डबा. दोन्ही वस्तू ह्यांनी तालुक्याहून आणल्या. फक्त काजरवाट वाटीच्या तळाशी आहे आणि केंद्राचा मनोरा वाटीच्या काठापलीकडे, ही गोष्ट त्यांनी खरेदीनंतर विचारात घेतली.

जुना टीव्ही गरिबांचा होता. सिग्नल कमी असला तर मुंग्या यायच्या, पण त्या मुंग्यांतूनही बातम्या सांगणारी बाई ओळखू यायची. डिजिटलला असला ओंगळपणा खपत नाही. दिसेल तर आरशासारखं दिसेल, नाही तर काळ्या पडद्यावर दोन शब्द: 'सिग्नल नाही'. मधलं काही नाही. अशा करारी स्वभावाची माणसं गावात एखाद-दुसरीच असतात. आमच्याकडे दोन होती आणि दोघं एकमेकांशी सव्वीस वर्षं बोलत नव्हती.

त्यातले एक नारोबुवा.

बुवांचं कीर्तन मी केशवाच्या देवळात सदतीस वर्षं ऐकलं. उजवीकडच्या दुसऱ्या खांबाला पाठ टेकून. त्या खांबावर माझ्या पाठीचा काळा डाग पडलाय, देवस्थानने तो दोनदा रंगवला आणि मी दोनदा परत पाडला. बुवा उभे राहिले, उपरणं सारखं केलं आणि पहिला स्वर लावला की घरचं दळण, सासूबाईंची औषधं, ह्यांचे उघडे रेडिओ, सगळं माझ्या डोक्यातून खाली उतरायचं. पूर्वरंगात देव समजायचा, उत्तररंगात शेजारी समजायचे. माणसाला आणखी काय हवं?

त्या रेकॉर्डिंगनंतरच्या माघात बुवांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला. त्यानंतर ते शाळेतली दगडी पाटी मांडीवर घेऊन ओट्यावर बसायचे आणि कोणी 'कसं काय बुवा' विचारलं की 'बरं' असं लिहायचे. सदतीस वर्षं जो माणूस साधं पाणी मागतानाही तीन दृष्टान्त द्यायचा, त्याने 'बरं' लिहून पाटी पुसावी, हे मला बघवायचं नाही. त्यांचा आवाज जगात आता एकाच ठिकाणी शिल्लक होता, त्या केंद्राच्या फितीत, आणि तो गुरुवारी साडेपाचला एकदाच बाहेर येणार होता. तालुक्याला जाऊन बघता आलं असतं, पण घाटातल्या दोन तासांच्या गाडीला डॉक्टरांनी बुवांना सक्त मनाई केली होती. आणि बुवांना गावात सोडून बुवांचं कीर्तन ऐकायला आम्ही तालुक्याला जायचं, हे तर कोणाच्या मनातही आलं नाही. खरं म्हणजे माझ्या आलं होतं, पण मी सांगितलं नाही.

"गुणवत्ता?"

"शून्य!"

कडाक्, असा आवाज झाला. बारावं.

*

मंगळवारी ह्यांनी छपरांचा नाद सोडला आणि सरळ मुद्द्यावर आले.

"उंची पाहिजे. देवळामागच्या टेकाडावर चाळीस फुटी बांबू रोवला तर काठापलीकडचं सरळ दिसेल."

"चाळीस फुटी? टेकाडावर? आणि कळस?"

ह्यांनी मोजपट्टी खिशात घातली.

काजरवाटेत केशवाच्या कळसापेक्षा उंच काही बांधायचं नाही. घर नाही, खांब नाही, मोबाईलचा मनोरा नाही. म्हणून आमच्याकडे मोबाईलही फक्त घड्याळ म्हणून चालतो. ही रीत फार जुनी असं सगळे सांगतात. तिला धार आली ती मात्र नारोबुवांमुळे.

सव्वीस वर्षांपूर्वी तात्या खोतांनी घरावर मजला चढवला. गावातला पहिलाच मजला. खोत घराण्याची जमीन गेली होती, रुबाब शिल्लक होता, तो ठेवायला वर एक खोली हवी होती. मजला पुरा झाला आणि पारावर कुजबूज सुरू झाली की कळसाच्या वर गेला. पारावर बसून पाहिलं की दिसायचाच तसा. त्याच आठवड्यात कीर्तन होतं. बुवांनी उत्तररंगात अहंकाराचं आख्यान लावलं. नाव घेतलं नाही. कीर्तनकार नाव घेत नाही, फक्त त्या माणसाकडे बघून थांबतो. बुवा तात्यांकडे बघून इतका वेळ थांबले की मृदंगवाल्याने हात पुसून घेतले.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी माणसं लावून मजला उतरवला. कौलं, वासे, भिंती, सगळं. जिना मात्र दगडी होता, तो तसाच राहिला. खोतांच्या अंगणातून निघून तो भिंतीच्या कडेने वर जातो आणि आभाळात थांबतो. त्यानंतर तात्या देवळाची पायरी चढले नाहीत, बुवा खोतांच्या गल्लीतून गेले नाहीत. आणि आम्ही सगळे फार धार्मिक आहोत म्हणून कोणाच्याच मध्ये पडलो नाही.

तरी मी बुवांकडे गेले. म्हटलं, "बुवा, टेकाडावर बांबू रोवायचाय. एका दिवसापुरता. कळसाच्या वर जाईल, पण काम देवाचंच आहे."

बुवांनी पाटी घेतली. 'नको.'

"अहो, तुमचंच कीर्तन आहे!"

त्यांनी 'नको' खाली रेघ मारली.

"बुवा, तुम्हाला ऐकायचं नसेल, आम्हाला ऐकायचंय. सदतीस वर्षं ऐकवलंत, आता सवय लावून हात वर करता होय?"

माझ्या या बोलण्याने बुवा हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. पाटी पुसली, परत लिहिलं, 'नको. राहू दे.' आणि तोंड फिरवून जास्वंदीकडे बघत बसले. मला वाटलं, केवढी ही कळसावरची निष्ठा! स्वतःचा आवाजसुद्धा ऐकायचा नाही, पण देवापेक्षा उंच काही नको. माझे डोळे भरून आले. डोळे भरून येण्यात माझा हात कोणी धरणार नाही. त्यामागचं कारण मात्र दर वेळी बरोबर असतंच असं नाही.

*

बुधवारी सकाळी आमचे हे अँटेना खांद्यावर घेऊन आणि छोटा टीव्ही कुणाच्या तरी हातगाडीवर ठेवून गावभर हिंडले. ज्याच्या दाराशी प्लग, तिथे मुक्काम. दुपारी धावत घरी आले.

"यमू, सापडला! सिग्नल केंद्राकडून येतच नाही!"

"मग कुठून येतो?"

"भैरवकड्यावरून. केंद्राकडून निघतो, काठावरून आत येतो, समोरच्या कड्याच्या कातळावर आपटतो आणि परत फिरतो. केंद्राकडे पाठ करायची आणि कड्याकडे तोंड."

मला काही नवल वाटलं नाही. देव तरी आम्हा साध्या माणसांना समोरून कुठे भेटतो? बुवांवर आपटूनच यायचा.

"आणि सापडला कुठे?"

ह्यांनी टोपी काढली, परत घातली.

"गावात एकाच ठिकाणी. खोतांच्या जिन्यावर. वरच्या पायरीवर. अंगणात गुणवत्ता शून्य आणि वरच्या पायरीवर काठी उभी केली की पंचावन्न."

"तात्यांनी चढू दिलं?"

"ते झोपले होते."

"आणि कळस?"

"तेही मोजलं. पातळी बघायची गवंड्याची पाण्याची नळी लावली, देवळाच्या जोत्यापासून खोतांच्या जिन्यापर्यंत. वरच्या पायरीवरून कळसाचं टोक अजून चौदा फूट वर आहे. तेरा फुटी काठी बिनधोक बसते."

चौदा फूट. तो आकडा मी कानांनी ऐकला, डोक्यात काही शिरला नाही. शिरला असता तर पुढचं सगळं मला एक दिवस आधी कळलं असतं. पण मी विचार करत होते तात्यांकडे कोण जाणार याचा. गावात धाडसी माणसं पुष्कळ होती. सगळ्यांना नेमकं बुधवारीच शेतावर काम निघालं.

शेवटी मीच गेले. तात्या माजघरातल्या झोपाळ्यावर सुपारी कातरत बसले होते. वय चौऱ्याहत्तर, मिशी अजून अठ्ठेचाळीसची.

"या यमूवहिनी. नवरा दुपारी जिन्यावर होता. मी डोळे मिटले होते, कान नाही."

"तात्या, मग सगळं कळलंच असेल."

"कळलं. ज्या माणसाने माझ्या डोक्यावरचं छप्पर उतरवलं, त्याला माझ्याच जिन्यावरून आवाज पाहिजे."

"त्यांना नको आहे हो. आम्हाला पाहिजे."

"म्हणजे त्यांना माहीतही नाही?"

"अजून नाही सांगितलं."

तात्यांनी अडकित्त्याने एक खांड कातरलं. मग म्हणाले, "लावा. माझी हरकत नाही. पण बुवांनी स्वतः यायचं. या उंबऱ्याशी उभं राहून मला विचारायचं, लावू का म्हणून."

"ते बोलत नाहीत तात्या."

"मग लिहावं. खोतांना वाचता येतं."

तिथून मी थेट बुवांकडे. वाटेत केशवाला नमस्कार केला आणि त्याला सांगितलं की आता तुझं तू बघ. बुवांपुढे बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. काठी कळसाखालीच राहते, सिग्नल येतो, फक्त जागा तेवढी... "तात्या खोतांच्या घरी आहे. आणि तुम्ही स्वतः येऊन विचारलं पाहिजे असं म्हणतात. नसेल जमत तर राहू दे, मी त्यांना तसं..."

बुवांनी हात वर करून मला थांबवलं.  ओला बोळा फिरवून पाटी स्वच्छ केली, वाळेपर्यंत थांबले. मग लिहिलं, 'येतो.'

ही माझ्या जिभेची कमाल असं समजून मी त्या दिवशी घरी ह्यांच्याशी अर्धा तास जास्त बोलले.

*

गुरुवारी पाचलाच खोतांचं माजघर भरलं. टीव्हीला झेंडूचा हार घातला होता. पडद्याला कोणी तरी बुक्का लावला, तो ह्यांनी आरडाओरडा करून पुसला. मग बुक्क्याऐवजी हळदकुंकू आलं, तेही पुसलं. शेवटी डब्यापुढे नारळ ठेवायला त्यांनी परवानगी दिली आणि जिन्यावर गेले. तेरा फुटी काठी वरच्या पायरीवर लोखंडी कड्यांत बसवली होती, टोकाला अँटेना, केंद्राकडे पाठ केलेला.

सव्वापाचला गल्लीत बुवा दिसले. काठी टेकत, पगडी घालून. घरच्या ओट्यावर ते उघड्या डोक्याने बसत. त्या दिवशी पगडी होती. उंबऱ्याशी थांबले.  तात्या झोपाळ्यावरून उठले नाहीत, झोपाळा मात्र पायाने थांबवला.

बुवांनी पाटी पुढे केली. 'लावू का?'

तात्यांनी ती वाचायला गरज होती त्याच्या चौपट वेळ घेतला.

"लावा," ते म्हणाले. "वहिनी, बुवांना खुर्ची द्या. मी काही बघणार नाही. माझं घर आहे म्हणून बसलोय."

आणि टीव्हीकडे पाठ करून सुपारी कातरू लागले.

साडेपाचला पडद्यावर बुवा उगवले. केंद्रवाल्यांनी त्यांच्या तोंडाला पावडर लावली होती, त्यामुळे ते वरातीला निघालेल्या व्याह्यासारखे दिसत होते. कोणी तरी खुदकन हसलं. मग पडद्यावरच्या बुवांनी उपरणं सारखं केलं आणि पहिला स्वर लावला.

काय सांगू? मी सवयीने मागे टेकायला गेले आणि मागे खांब नसल्यामुळे तात्यांच्या सुनेच्या मांडीवर पडले. तशीच राहिले. आवाज तोच होता, ऐन भरातला. सगळ्या बायका डोळे पुसत होत्या. खुर्चीवरचे बुवा मात्र स्वतःकडे बघत नव्हते. ते तात्यांच्या पाठीकडे बघत होते.

पूर्वरंग संपला. मागे अडकित्ता चालू होता, कट, कट. पडद्यावरच्या बुवांनी झांज खाली ठेवली आणि म्हणाले:

"मंडळी, उत्तररंगाला पुराणातलं आख्यान घेणार होतो. पण आज आमच्या गावचं सांगतो. आमचं गाव डोंगरांच्या वाटीत आहे, तिथे ही वाहिनी दिसत नाही. म्हणूनच धीर होतोय."

टीव्हीतले श्रोते हसले. माजघरात कोणी हसलं नाही.  टेकाडावरच्या बांबूला 'नको' लिहून त्याखाली मारलेली रेघ मला आत्ता दिसली. कळसाची निष्ठा! मी एका माणसाच्या घाबरण्याला निष्ठा समजून रडले होते. आणि 'येतो' हे माझ्या जिभेने नव्हे, तात्या खोतांच्या नावाने लिहून घेतलं होतं.

"एका गावात एक कीर्तनकार होता," पडद्यावरचे बुवा सांगत होते. "गाव त्याचं ऐकायचं. हा फार वाईट रोग. तर गावात एकाने मजला बांधला. पारावरून पाहिलं तर तो कळसाच्या वर दिसायचा. कीर्तनकाराने पारावरून पाहिलं. अहो, पार कुठे, मजला कुठे, देऊळ कुठे! जवळचं ते उंच आणि लांबचं ते ठेंगणं दिसायचंच. त्या पारावरून या कीर्तनकाराची स्वतःची पगडीसुद्धा कळसापेक्षा उंच दिसत होती. ती मात्र त्याने उतरवली नाही. त्याने भर देवळात त्या माणसाचा मजला उतरवला."

अडकित्ता थांबला.

"पुढच्या वर्षी कळस दुरुस्त करायला बाहेरगावचा गवंडी आला. त्याने पाण्याची नळी लावली, उरलेल्या जिन्यावरून मोजलं, परत मोजलं आणि कीर्तनकाराला बाजूला घेऊन म्हणाला, बुवा, तो मजला..."

आणि बुवांचे चौकोन झाले. तोंड उघडं, हात वर, डोळा एक इथे, एक तिथे. क्षणभर तसे राहिले. मग काळा पडदा. 'सिग्नल नाही'.

"अहो!" मी जिन्याकडे तोंड करून किंचाळले. "गुणवत्ता शून्य!"

"वारा सुटलाय!" हे वरून ओरडले. "काठी हलतेय! अजून उंच न्यावी लागेल, पण कड्यांतून काढली तर कळसाच्या वर जाईल!"

सगळ्यांनी बुवांकडे पाहिलं. मला वाटलं, सुटले. देवाने वारा पाठवला आणि बुवांची लाज राखली.

झोपाळा करकरला. तात्या उठून बुवांसमोर येऊन उभे राहिले. सव्वीस वर्षांनी त्यांच्याशी आपणहून बोलले.

"काय म्हणाला गवंडी?"

पाटी बुवांच्या मांडीवर होती. पेन्सिल हातात होती. तीन-चार शब्दांचं काम. पण पाटीवरचे शब्द तात्यांनी एकट्यांनी वाचले असते. आणि मजला काही एकट्यासमोर उतरला नव्हता. बुवांनी पेन्सिल खाली ठेवली. दोन्ही हात डोक्याच्या वर नेले, तळवे आभाळाकडे. हा हात आम्हाला पाठ होता. कीर्तनात गजर उचलायची वेळ आली की बुवा असेच हात वर न्यायचे. म्हणजे सगळ्यांनी, आणि पूर्ण आवाजात.

तात्या समजले. चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस अंगणात गेला आणि जिना चढू लागला.

"तात्या, तुम्ही कशाला!" आमचे हे ओरडले.

"सरक रे दिगंबर. हा जिना माझा आहे. त्याचा काही तरी उपयोग होऊ दे."

दोघांनी मिळून काठी कड्यांतून उपसली आणि हातांवर उचलली.

"वहिनी! बुवांना सांगा, कळसाच्या वर जातोय!"

मी बुवांकडे पाहिलं. त्यांचे हात वरच होते.

"जाऊ द्या!" मी ओरडले. "दहा... वीस... तात्या, अजून! चाळीस... थांबा, हलू नका, श्वास घेऊ नका!"

तुम्ही म्हणाल, मधलं वाक्य तर गेलं. ज्याने कीर्तन ऐकलं नाही तोच असं म्हणेल. कीर्तनकार मोलाची गोष्ट कधी एकदा सांगत नाही. आधी सांगतो, मग गातो, मग टाळकऱ्यांकडून म्हणवून घेतो. पडदा उजळला तेव्हा बुवा गातच होते. डोळे मिटलेले, पगडी काढून हातात धरलेली.

"एक हात खाली होता, मजला एक हात खाली होता..."

मागे टाळकरी उभे होते. शहरातले, चांगले तयारीचे. कशाबद्दल गातोय याची त्यांना काडीची कल्पना नसावी. पण तालात मागे पडायचं नाही हे पक्कं. "एक हात खाली होता, मजला एक हात खाली होता!" टाळ, मृदंग, सगळं जोरात. भैरवकड्यावर आपटून ते खोतांच्या माजघरात येत होतं आणि तात्यांच्या सुनेने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवल्यामुळे जिन्यावर जात होतं.

ह्यांच्या चौदा फुटांचा हिशेब मला आत्ता लागला. मजला आढ्यापर्यंत साडेबारा फूट होता, हे गावातला कोणीही सांगेल. चौदातून साडेबारा गेले. दीड फूट. एक हात. सव्वीस वर्षं जिना उभा होता, नळी कुठल्याही गवंड्याकडे मिळत होती आणि गावात एकालाही मोजावंसं वाटलं नव्हतं. मलासुद्धा. मी खांबाला टेकून देव समजून घेत होते.

"...आणि तो कीर्तनकार गप्प राहिला," पडद्यावरचे बुवा आता साध्या आवाजात बोलत होते. "त्याला वाटलं, बुवाची चूक कळली तर लोक देवाचं ऐकायचे नाहीत. देवाला जणू याचाच टेकू होता! अहंकारावर कीर्तन झालं त्या दिवशी देवळात सगळ्यांत उंच काय होतं, तर ही पगडी. त्या माणसाच्या घरी जायचा मला धीर नाही. इथे सांगितलं. केशव त्याच्या कानापर्यंत नेईल, नाही तर नेणार नाही."

मग आरती झाली. मग एका साबणाची जाहिरात आली आणि ह्यांनी लगेच विचारलं, "यमू, आता गुणवत्ता किती?" मी टीव्ही बंद केला.

तात्या खाली आले. हातांना काठीची साल लागली होती, सदरा घामाने चिकटला होता. ते बुवांसमोर उभे राहिले. बुवा खुर्चीवरून उठू लागले, वाकणार होते. तात्यांनी त्यांचे खांदे धरून परत बसवलं.

"बसा. पगडी पडेल." मग मिशीवरून हात फिरवला. "जिना तर आहेच, बुवा. खोली केवढी बांधू?"

बुवांनी पाटी घेतली. अक्षरं वेडीवाकडी आली. तात्यांनी पाटी हातात घेतली, लांब धरली, जवळ आणली. चष्मा डोळ्यांवरच होता, पण त्यातून काही दिसत नसावं. ती त्यांनी माझ्याकडे दिली.

"वहिनी, वाचा. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू दे."

मी वाचलं.

"होती तेवढी."